आईच्या छातीत गाठ आहे, बायोप्सी सांगितलीय, पण घरचे म्हणतात सुई लावली की पसरतं. काय करू?

हापूसगाव:

नमस्कार. मी इथे वाचते बरेचदा पण लिहितेय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं समजून घ्या. माहेर देवगडजवळ, मी पुण्याला असते, गणपतीला घरी आलेय. गौरीच्या दिवशी ओवसे होते म्हणून आईला साडी नेसवायला गेले तर तिने हात वर केला आणि डाव्या बाजूला कातडीत खळगा पडल्यासारखा दिसला. हात लावून बघितलं तर सुपारीपेक्षा मोठी गाठ, घट्ट, हलत नाही. कधीपासून आहे विचारलं तर म्हणे शिमग्याच्या आसपास कळलं होतं. म्हणजे सहा महिने!! तेव्हा आंब्याचा सीझन, पेट्या भरायच्या, गडी माणसं, मग पाऊस, मग शेत, मग गणपती, असं करत करत तिने कुणाला सांगितलंच नाही. दुखत नाही ना, म्हणून. तिचं म्हणणं, "पेटी लागली होती छातीक, तेचीच गाठ असतली."

दुसऱ्याच दिवशी कणकवलीला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, काखेत पण एक गाठ लागतेय म्हणाले, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये बायरॅड्स ५ लिहिलंय. आता ट्रूकट बायोप्सी करायला सांगितलीय. आणि इथून घरात सगळा गोंधळ सुरू झालाय. मोठी काकी म्हणते सुई लावली की ते उधळतं आणि सगळ्या अंगात जातं, तिच्या माहेरी कुणाचं तरी तसंच झालं. आत्या म्हणते सुईबिई काही नको, ओळखीच्या नर्सिंग होममध्ये सरळ गाठ कापून टाका, अर्ध्या तासाचं काम, मग काय ते तपासा. आणि आजी म्हणते दुखत नाय तर डॉक्टर कशाक होयो. बाबा गप्प बसलेत, त्यांना काही सुचत नाहीये.

आईचं वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली. आमच्या घरात कुणालाच कॅन्सर नाही, ती तंबाखू खात नाही, आम्हा दोघांना दीड दीड वर्ष दूध पाजलंय. मग हिलाच का? आणि बायोप्सीने खरंच पसरतं का, आणि पूर्ण छाती काढावी लागते का, आणि ट्रीटमेंट इथे होईल की मुंबईलाच न्यावं लागेल? माझी रजा रविवारपर्यंत आहे, वाढवेन गरज पडली तर. प्लीज ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

सर्जन_रत्नागिरी:

ताई, सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो आणि ही आत्याबाईंना पण दाखवा. बायोप्सीच्या आधी गाठ कापू देऊ नका. कुणालाही. ओळखीचा असो नाहीतर फुकट करत असो. आपल्या कोकणात पेशंटचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, सुईने नाही.

का ते सांगतो. ट्रूकट म्हणजे गाठीच्या जागी भूल देऊन जाडसर सुईने तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे लांब असे चार पाच तुकडे घ्यायचे. पंधरा वीस मिनिटांचं काम, टाका नाही, त्याच दिवशी घरी. त्या तुकड्यांवरून कळतं की कॅन्सर आहे का, असला तर कुठल्या प्रकारचा, आणि त्यावर हॉर्मोनचे रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन पकडणाऱ्या जागा, आहेत का. एवढं कळलं की मग ठरतं की आधी ऑपरेशन करायचं की आधी केमो. आणि सरळ गाठ कापली तर काय होतं, डॉक्टरला माहीतच नसतं की हा कॅन्सर आहे, म्हणून तो गाठीला लागून कापतो, आजूबाजूचा निरोगी भाग जेवढा घ्यायला हवा तेवढा घेत नाही, काखेतल्या गाठींना हात लावत नाही, छेद पण भलत्या जागी देतो. मग महिन्याने रिपोर्ट येतो आणि आम्हाला सगळं परत करावं लागतं, आणि काही वेळा जी छाती वाचली असती ती काढावी लागते. आधी केमो देऊन गाठ छोटी करायचा मार्गही हातातून जातो कारण मोजायला गाठच उरलेली नसते.

आता पसरण्याचं. सुईच्या वाटेवर दोन चार पेशी सांडू शकतात हे खरं आहे, लपवत नाही. पण पेशी सांडणं वेगळं आणि त्या तिथे मूळ धरून वाढणं वेगळं, आणि तो भाग पुढे ऑपरेशनमध्ये आणि रेडिएशनमध्ये येतोच. सुई लावलेल्या बायका त्यामुळे जास्त दगावतात असं कुठेही दिसलेलं नाही. काकींनी बघितलं ते खोटं नसेल, पण बहुतेक वेळा असं असतं की बाई आलीच उशिरा, पसरलेलं आधीच होतं, सुई लावल्यावर ते कळलं आणि दोष सुईवर गेला. गाठ पसरते ती वाट बघत थांबल्याने.

बायरॅड्स ५ म्हणजे फोटो बघून रेडिओलॉजिस्टला ९५ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता कॅन्सरची वाटतेय. तरी निदान फोटोवर होत नाही, तुकड्यावर होतं. हाताने तपासणी, फोटो आणि तुकडा, तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. समजा तुकड्यात काही नाही आलं आणि फोटो ५ म्हणतोय, तर सुटलो म्हणून घरी जायचं नाही, परत तुकडा घ्यायचा.

एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. तुकडे लगेच फॉर्मलिनच्या बाटलीत गेले पाहिजेत, सलाईनमध्ये नाही. आपल्याकडून सॅम्पल कोल्हापूर नाहीतर मुंबईच्या लॅबला जातात, वाटेत दिवस जातो, फॉर्मलिन नसलं की पेशी खराब होतात आणि ईआर, पीआर (हे दोन हॉर्मोनचे रिसेप्टर) आणि हर टू (गाठ वाढवणारं एक प्रोटीन) या टेस्ट चुकतात. आणि त्या तिन्ही टेस्ट याच तुकड्यावर करायला आत्ताच सांगा. काखेतल्या गाठीतून पण सोनोग्राफीखाली सुईने पेशी काढून तपासायला सांगा, त्याच दिवशी होतं.

हिलाच का, हे प्रत्येक घरात विचारतात. ज्यांना होतो त्यातल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच नसतो. आईबापाकडून आलेल्या जीन्समुळे, म्हणजे बीआरसीए १ आणि २ वगैरे, होणारे साधारण ५ ते १० टक्केच. बाकीच्यांत बाई असणं आणि वय वाढणं हीच दोन मोठी कारणं, त्यात भर म्हणजे पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, मूल न होणं किंवा तिशीनंतर पहिलं होणं, पाळी गेल्यावर वजन वाढणं, दारू, बरीच वर्षं घेतलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या. दूध पाजल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि पेटी लागून कॅन्सर होत नाही. मार लागला की बाई तिथे हात लावून बघते आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, एवढाच त्या पेटीचा संबंध. आईला हे नक्की सांगा, कारण बायका स्वतःला दोष देत बसतात, की मीच ती पेटी उचलायला नको होती.

दुखत नाही हीच तर या रोगाची खोडी आहे. दुखलं असतं तर शिमग्यालाच आल्या असत्या.

गुहागरची_बाई:

अगं पोरी, तुझं वाचून हात थरथरले माझे. मी शिक्षिका, गुहागरकडची, २०१६ साली मला झाला तेव्हा ४३ वर्षांची होते. डॉक्टर वर जे कापण्याचं म्हणतायत ना ते माझ्याच बाबतीत झालंय. एका छोट्या दवाखान्यात दाखवलं, साधी चरबीची गाठ आहे म्हणाले आणि लोकल भूल देऊन काढली. ती गाठ तपासायला पाठवलीच नाही. मी विचारलं सुद्धा नाही गं, शिकलेली बाई असून. आठ महिन्यांनी त्याच जागी परत आली आणि काखेत पण. मग टाटाला गेले परळला, तिथे डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठाय. काय सांगणार, नव्हताच. म्हणून सांगते, शरीरातून जे काही काढतील ते लॅबला गेलंच पाहिजे आणि रिपोर्ट आपल्या हातात आला पाहिजे. आणि लॅबमधले काचेचे स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक पण मागून घ्यायचे, मोठ्या हॉस्पिटलात ते परत बघतात.

छाती काढावी लागते का विचारलंयस. माझी नाही काढली. मला आधी केमो दिली, आठ वेळा, पहिल्या चार लाल औषधाच्या तीन तीन आठवड्यांनी, मग दुसऱ्या औषधाच्या. केमो सुरू व्हायच्या आधी गाठीत एक बारीक धातूची खूण बसवली कारण गाठ विरघळली तर नंतर सर्जनला कुठे कापायचं ते कळायला हवं. आणि खरंच विरघळत गेली, माझ्या बोटाला कळायचं दर महिन्याला. मग तेवढाच भाग आणि काखेतल्या गाठी काढल्या आणि त्यानंतर तीन आठवडे रेडिएशन, शनिवार रविवार सुट्टी, पंधरा वेळा. मला वाटायचं सगळं काढून टाकलं तर जास्त सेफ, मी डॉक्टरीण बाईंशी भांडले पण. त्यांनी समजावलं की भाग काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण छाती काढणं, जगण्याच्या बाबतीत दोन्ही सारखंच, वीस वीस वर्षं बायकांवर लक्ष ठेवून हे बघितलंय. पण ते सगळ्यांना जमत नाही, गाठ मोठी आणि छाती लहान असेल, किंवा दोन तीन ठिकाणी असेल, तर काढावीच लागते, आणि काढली तरी आईचं काही कमी होत नाही हे तिला आत्तापासून सांग.

केस जातात. साधारण दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात, उशीवर, मग न्हाताना मुठीने. मी आधीच कापून घेतले होते बारीक, तरी रडले. आठवी अ च्या मुलींनी मला स्कार्फ आणून दिला होता मोरपिशी, तो अजून आहे. परत आले, कुरळे आले आधी, मग सरळ.

आणि ताप. हे लिहून फ्रिजवर लाव. केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण गाडी काढायची. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधं इन्फेक्शन पण काही तासात बिघडतं. मला पावसाळ्यात असं झालं, घाटात दरड, रस्ता बंद, चिपळूणला पोचायला चार तास गेले, तेव्हा कळलं की केमोच्या दिवसांत शक्य असेल तर मोठ्या हॉस्पिटलजवळच राहावं.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताचे व्यायाम दुसऱ्या दिवसापासून शिकवतात ते सोडायचे नाहीत, त्या हाताला नंतर सूज येऊ शकते, विळीचा कट, कोयतीची जखम, माशाचा काटा, चुलीचा चटका, सगळं जपायचं. आपल्या बायकांना हे कठीण, पण जपायचं. आणि गोळी, टॅमॉक्सिफेन, रोज एक, माझी पाळी चालू होती म्हणून ती दिली. अंगातून गरम वाफा यायच्या रात्री, पण घेतली. मी आज शाळेत जाते, फळ्यावर डाव्या उजव्या दोन्ही हातांनी लिहिते.

निसर्गसाथी:

कृपया केमोच्या नादी लागू नका, पेशंट कॅन्सरने नाही केमोने जातो. आमच्या शेजारच्या बाईंना काळी हळद, गोमूत्र आणि साखर बंद यावर गाठ बसली. एकदा करून बघायला काय हरकत आहे, तीन महिन्यांचा कोर्स आहे.

गुहागरची_बाई:

हरकत ते तीन महिने आहेत. माझ्या शेजारच्या बेडवर लांज्याकडची एक बाई होती, वय चाळीसच्या आत, तिने अकरा महिने असलंच काहीतरी घेतलं, लेप पण लावला होता, आली तेव्हा गाठ फुटून वाहत होती आणि यकृतात गेलं होतं. तिच्या गाठीला सुरुवातीला साधी हॉर्मोनची ट्रीटमेंट लागू पडली असती असं डॉक्टर म्हणाले. ती गेली. तिच्या मुलीचा अजून मला दिवाळीला फोन येतो. शेजारच्या बाईंची बसलेली गाठ कॅन्सरची होती याचा रिपोर्ट आहे का तुमच्याकडे? कारण छातीतल्या दहातल्या आठ नऊ गाठी कॅन्सरच्या नसतातच, त्यातल्या काही आपोआप पण जातात. मला राग आलाय म्हणून थांबते.

सर्जन_रत्नागिरी:

हळद जेवणात खावी. ट्रीटमेंट चालू असताना मात्र कसलेही काढे, भस्मं, पुड्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, केमोची औषधं यकृतातून जातात आणि त्यावर दुसरं काही पडलं की त्रास होतो. वैद्यांकडे जायचं असेल तर ट्रीटमेंट सोडून नाही.

कुडाळकर:

ताई, मी पैसे आणि प्रवास याबद्दल सांगतो, बाकी वर आलंय. माझ्या मिसेसचं २०१९ ला झालं, टाटामध्ये. आमच्या कुडाळ सावंतवाडीची बरीच माणसं बांबोळीला गोवा मेडिकलला पण जातात, आणि रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे तिथे कॅन्सरचा विभाग आहे. म्हणजे सगळं मुंबईलाच असं नाही. पण पहिला प्लॅन मोठ्या ठिकाणी ठरवून घ्या जिथे सर्जन, केमोवाले आणि रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवतात, मग केमो जवळ घेता येते का ते त्यांनाच विचारा, बरेचदा हो म्हणतात आणि चिठ्ठी देतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजना विचारून घ्या, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, रेशन कार्ड आणि आधार लागतं, दोन्हीवर नाव एकसारखं आहे ना ते आधी बघा. आमच्या रेशन कार्डावर मिसेसचं माहेरचं नाव होतं, नुसत्या त्यासाठी आठवडा गेला. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, पहिल्या दिवशी त्यालाच भेटायचं, बिल झाल्यावर नाही. टाटामध्ये फाईल काढताना जनरल आणि प्रायव्हेट असं विचारतात, डॉक्टर तेच, जनरलला खर्च खूप कमी पण रांग असते, सकाळी लवकर जा.

गाडी तुतारी घ्या, दादरला उतरवते, तिथून परळ जवळ. कॅन्सर पेशंटला ट्रेनला सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला पण बरीच सूट, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून डॉक्टरच्या सहीशिक्क्याने मिळतो. पहिल्या खेपेला तो नसतो, तेव्हा पूर्ण तिकीट काढा. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटसाठीच ओळखतात ती, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, चिठ्ठी देतात.

मिसेसचा हर टू पॉझिटिव्ह होता. त्याला ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन लागतं, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. एके काळी हे नाव काढलं तरी माणूस शेत विकायच्या गोष्टी करायचा, पण २०१४ पासून आपल्या देशातल्या कंपन्यांची आली आणि किंमत उतरली. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून दर तीन महिन्यांनी टू डी इको करतात. आम्ही सगळं पूर्ण केलं.

तुमचे बाबा गप्प आहेत असं लिहिलंय म्हणून एक सांगतो. मी पण असाच गप्प होतो. मला वाटायचं मी रडलो तर ती खचेल, आणि तिला वाटत होतं मी तिच्याकडे बघत नाही कारण आता ती मला नको आहे. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी ड्रेसिंग मीच करायला घेतलं तेव्हा हे बोलणं झालं. बाबांना सोबत न्या. पोरीबरोबर पाठवून ते घरी कलमं बघत बसले असं करू नका.

आशाताई_दापोली:

मी आशा सेविका आहे. आमच्या उपकेंद्रात ३० वर्षांवरच्या बायकांची छातीची तपासणी सिस्टर हाताने करते, फुकट, दर पाच वर्षांनी एकदा तरी व्हायला पाहिजे. मी घरोघर बोलवायला जाते तर काय ऐकते, मला काय झालंय, माझी मुलं मोठी झाली, तिथे कपडे काढायचे का. वाडीतल्या मच्छीवाल्या तर पहाटे बंदरावर आणि दुपारी बाजारात, त्यांना मी संध्याकाळी गाठते. एकीने तर मला सांगितलं की ताई गाठ आहे पण लगीनसराई झाली की बघू. लग्न मुलीचं होतं. मी तिला त्याच आठवड्यात नेलं, साधी निघाली गाठ, पण नेलं.

हाताने तपासून काय कळणार असं पण म्हणतात. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्टीत १९९८ पासून अभ्यास केलाय, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका, त्यातल्या निम्म्यांना ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दोन दोन वर्षांनी तपासायच्या, मशीन नाही काही नाही. वीस वर्षांनी बघितलं तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने मरणाऱ्या जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होत्या. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक नाही दिसला, तरी गाठ लागली तर दाखवायचीच. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं तेव्हापासून मी हे काम मनापासून करते.

ताई तुम्ही आणि वहिनी असतील तर त्या पण, स्वतःला बघत जा. पाळी सुरू झाल्यापासून आठवडाभराने, तेव्हा छाती नरम असते. आरशासमोर हात वर करून खळगा, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंडशी आत गेली का, रक्त येतं का, काखेत काही लागतं का. पुरुषांना पण होतो, कमी, पण होतो, आमच्या गावात एक खलाशी होता त्याला झालेला.

हापूसगाव:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इथे लिहिल्यामुळे खूप आधार वाटला. मी सर्जन साहेबांचा आणि ताईंचा रिप्लाय आईला आणि आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. पेटीचं वाचल्यावर आई रडली. तिच्या मनात तेच होतं म्हणे, की बाबांनी सांगितलं होतं जड उचलू नको आणि मी उचलली.

बायोप्सी झाली. फॉर्मलिनची बाटली मी स्वतः बघितली. रिपोर्ट आज आलाय, इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर ९० टक्के, पीआर ७० टक्के, हर टू १ प्लस. सोनोग्राफीत गाठ ३.२ सेंटीमीटर आहे आणि काखेतल्या एका गाठीत पण सापडलंय. हर टू १ प्लस म्हणजे काय, थोडा पॉझिटिव्ह का? कितव्या स्टेजला आहे? खूप उशीर झालाय का?

सर्जन_रत्नागिरी:

नाही, खूप उशीर झालेला नाही. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन नळीबाहेर आलेला कॅन्सर. हर टू ० आणि १ प्लस म्हणजे निगेटिव्ह धरतात, ३ प्लस पॉझिटिव्ह, आणि २ प्लस आला तर फिश नावाची आणखी एक टेस्ट लागते. तुम्हाला ती नको. ईआर पीआर एवढे जास्त आहेत ही चांगली बातमी आहे, म्हणजे ही गाठ शरीरातल्या इस्ट्रोजेनवर वाढते आणि ते तोडलं की तिची रसद तुटते. आईची पाळी गेली आहे म्हणून बहुधा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल देतील, रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. हाडं ठिसूळ होतात त्याने म्हणून हाडांची घनता तपासून कॅल्शियम, व्हिटॅमिन डी सांगतील. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या वर्षी गोळी सोडणाऱ्या बायका मी बघतो आणि मला फार वाईट वाटतं, कारण हा प्रकार दहा वर्षांनी पण परत येऊ शकतो.

स्टेज, माझ्या अंदाजाने दोन बी. दोन ते पाच सेंटीमीटरची गाठ आणि काखेत हलणारी एखाद दुसरी गाठ, दुसरीकडे कुठे नसेल तर. दुसरीकडे आहे का ते बघायला सीटी आणि बोन स्कॅन किंवा पेट सीटी सांगतील. काही नसेल तर हेतू पूर्ण बरं करण्याचा असतो, नुसतं लांबवण्याचा नाही. आधी ऑपरेशन की आधी केमो हे तिथे ठरेल, दोन्ही बरोबर असू शकतं, दोन डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर घाबरू नका.

ऑपरेशन आधी ठरलं तर एक विचारा. टाटाच्या डॉक्टरांनीच केलेला अभ्यास आहे, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी, २०२३ ला छापून आलाय. ऑपरेशनच्या आधी गाठीच्या भोवती साधं भुलीचं लिडोकेन टोचलं, दात काढताना देतात त्यातलंच, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. स्वस्त औषध, कुठेही मिळतं. मी माझ्याकडे आता देतो. तो अभ्यास केमो आधी न घेतलेल्या बायकांवरचा आहे, म्हणून आईला लागू आहे का ते त्यांनाच विचारा.

हापूसगाव:

सोमवारची तुतारी मिळालीय, बाबा येतायत. कलमांचं काकाला सांगितलंय. आत्याने स्वतः दादरच्या धर्मशाळेत कुणाच्या तरी ओळखीने फोन केला. स्लाईड, ब्लॉक, मॅमोग्राफीच्या फिल्म, रेशन कार्ड सगळं एका पिशवीत घातलंय, आईचं नाव दोन्हीकडे सारखं आहे, तपासलं. आईला फक्त एकच विचारायचंय ताईंना, ती माझ्या शेजारी बसून टाईप करायला सांगतेय, केमोमध्ये मासे चालतात का, की आता सगळं मऊ भात आणि मुगाचं पाणी.

गुहागरची_बाई:

त्यांना सांग चालतात, आणि खायलाच पाहिजेत, प्रोटीन लागतं, मी बांगडा खाऊन केमोच्या खुर्चीत बसलेय. फक्त ताजे घ्यायचे, पूर्ण शिजलेले, शिळं नाही, बाहेरचं नाही, आणि तिसऱ्या, कालवं असले शिंपले ते दिवस जाऊदेत. तोंड येतं मध्ये चार पाच दिवस, तेव्हा तिखट आणि कोकम कमी, नारळाचं दूध जास्त घालून मऊ कालवण करायचं आणि मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. सोमवारी दादरला उतरलात की मला इथे मेसेज कर, मी पुढच्या आठवड्यात चेकअपला येतेय, भेटते आईंना.